राणीची बाग आणि ‘कुटुंबा’ची व्याख्या

फाल्गुन सरत येतो, शाळांच्या परीक्षा उरकत येतात आणि मुंबईतील मध्यमवर्गीय घरांत मुलांना वर्षभर दिलेल्या वचनांची फेड करण्याचे दिवस येतात. या वचनांत राणीच्या बागेचा क्रमांक बहुधा वरचा असतो. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे नाव प्रवेशद्वारी झळकत असले तरी घराघरांत आजही ती राणीची बागच आहे. भायखळा स्थानकापासून चालत जाण्याजोगे अंतर, सबंध दिवस सावलीत काढण्याची सोय आणि नातवापासून आजीपर्यंत साऱ्यांना पुरेल एवढे कौतुक, हे सर्व अल्प खर्चात देणारे दुसरे ठिकाण या शहरात शोधून सापडणे कठीण. निदान २०१७ पर्यंत तरी तसे म्हणता येत असे.

त्या वर्षीच्या ऑगस्टपूर्वी प्रौढास पाच रुपये आणि मुलास दोन रुपये असा प्रवेशदर होता. तो एकदम पन्नास आणि पंचवीस रुपयांवर गेला. आईवडील व दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबास शंभर रुपयांचे एकत्र तिकीट, ही सवलतही त्याच वेळी देण्यात आली. म्हणजे चौघांची जी सहल पूर्वी चौदा रुपयांत प्रवेश करी, तिला शंभर पडू लागले. त्या चौघांबरोबर घरातली अविवाहित आत्या निघाली, तर एकोणीस रुपयांचे दीडशे झाले. पन्नास रुपयांत आज काय येते, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु कारकुनाच्या घरात सहलीचा हिशेब तिकिटापाशी सुरू होऊन तिकिटापाशीच संपत नाही. डोंबिवलीहून किंवा विरारहून येण्याजाण्याचे भाडे असते, बर्फाचा गोळा असतो, फुगेवाला असतो आणि परतताना पायांनी असहकार पुकारला म्हणजे टॅक्सीही असते. या साऱ्याची बेरीज आदल्या रात्री स्वयंपाकघरात होते. ती जरा वाढली की काटछाट मुलांची होत नाही. ‘मला मेलीला काय वाघसिंह पाहायचेत, मी घर सांभाळीन’, असे आत्याच आपण होऊन म्हणते, आणि तिला फारसा आग्रह कोणी करीत नाही.

ही दरवाढ आली ती पेंग्विनांच्या पाठोपाठ. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सेऊलहून आठ हंबोल्ट पेंग्विन येथे आणण्यात आले. त्यांतील एक त्याच वर्षी दगावला. उरलेल्यांचे दालन मार्च २०१७ मध्ये लोकांसाठी उघडले. (हा पक्षी मूळचा पेरू व चिली यांच्या किनाऱ्यांवरचा, बर्फाशी त्याचा संबंध नाही, हे काचेपुढे उभे राहून ‘बर्फ कुठाय?’ असे विचारणाऱ्या मुलांना कोणीतरी सांगावयास हवे.) मुंबईच्या हवेत या पक्ष्यांसाठी वातानुकूलित घर चालवावयाचे तर खर्च मोठा असणारच. तो प्रेक्षकांकडून अंशतः वसूल करण्यातही वावगे काही नाही. वावगे आहे ते वसुलीच्या रीतीत. पेंग्विन पाहणाराकडून पेंग्विनांचे पैसे घ्यावेत, हे समजू शकते. येथे झाडाखाली बसू इच्छिणाराकडूनही ते घेतले गेले. टंचाईच्या दिवसांत काही दुकानदार वनस्पती तुपाच्या डब्याबरोबर न खपणारा साबण गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारीत असत, त्याची येथे आठवण होते. फरक इतकाच की, येथला साबण खपणारा आहे.

वस्तुतः ही संस्था जन्मली ती बाग म्हणून. १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली, तेव्हा ती एका कृषि-उद्यानविषयक सोसायटीच्या ताब्यात होती. १८७३ साली ती सोसायटी बंद पडल्यावर बाग नगरपालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालयाची भर पडली ती १८९० च्या विस्तारात. अर्थात बाग हे मूळ आणि पिंजरे ही पुरवणी. वसंतात तर याची साक्ष पावलोपावली मिळते. मूळची ब्रह्मदेशची उर्वशी याच सुमारास फुलते. लालभडक, पिवळ्या ठिपक्यांच्या फुलांचे झुंबर फांदीवरून खाली लोंबते. सीतेचा अशोक केशरी होतो. कैलासपतीची फुले तर खोडालाच लगडलेली असतात. पेंग्विनांच्या रांगेत घामाघूम झालेले कुटुंब या झाडांखालून जाते ते पुढच्या पिंजऱ्याच्या घाईत. लहान मूल तेवढे खाली पडलेले फूल उचलते आणि ‘टाक ते, घाण आहे’, असे ऐकते.

ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४४ साली पुलावरील जकातीचे उदाहरण देऊन एक विचार मांडला होता. पूल बांधून झाल्यावर आणखी एक माणूस त्यावरून गेल्याने खर्च वाढत नाही. मात्र जकातीमुळे तो माघारी फिरला तर त्याचे नुकसान होते आणि लाभ कोणालाच होत नाही. बागेला हे जसेच्या तसे लागू पडते, पण गुरुवारी दुपारी. रविवारी नव्हे, कारण रविवारच्या गर्दीत प्रत्येक नवा माणूस दुसऱ्याची जागा अडवितो. गर्दी आवरण्यासाठी दर हवा, असे म्हटले तर तो फक्त रविवारी व सुट्टीच्या दिवशी हवा. पण चाकरमान्याला येता येते ते नेमके त्याच दिवशी. निव्वळ सूत्राने हा पेच सुटत नाही. तेथे धोरण लागते.

दरवाढीने गर्दी घटली नाही, असे उत्तर यावर मिळते. ते खरेही आहे. १ जानेवारी २०२३ या एका दिवसात ३२ हजारांहून अधिक माणसे बागेत आली. तथापि दारावरची मोजणी आत आलेल्यांची होते. घरी राहिलेली आत्या कोणत्याही नोंदवहीत येत नाही, आणि चौदा रुपयांत वर्षातून तीनदा येणारे कुटुंब आता एकदाच येते की काय, हेही त्या आकड्यातून कळावयाचे नाही.

यास्तव पुढे केव्हा दरपत्रक पुन्हा लिहिण्याची वेळ येईल, तेव्हा पेंग्विनांच्या दालनास वेगळे तिकीट असावे आणि बागेचा दर नाममात्र ठेवावा. तूट येईल ती पालिकेने सोसावी. रस्त्यावरच्या दिव्याखालून जाणाऱ्याकडे ती पैसे मागत नाही. एवढे करणे अवघड वाटत असेल, तर निदान चौघांच्या त्या चौकटीचा फेरविचार व्हावा. कुटुंब म्हणजे कोण, हे ठरविण्यासाठी नवी समिती नेमण्याचेही कारण नाही. शासनाने दिलेली शिधापत्रिका बहुतेक घरांत आहे, आणि तिच्यावर आत्याचे नाव असते.