हाडाला जाळीदार परांची

अपघातात हाडाचा चुरा होतो, हाडातली गाठ काढावी लागते, किंवा जंतुसंसर्गामुळे हाडाचा भाग खरवडून काढावा लागतो. मागे पोकळी राहते. लहान भेग शरीर स्वतः भरून काढते, मोठी पोकळी मात्र त्याला एकट्याने भरता येत नाही. मग डॉक्टर बहुधा रुग्णाच्याच कमरेचे थोडे हाड काढून तिथे भरतात. उपाय चांगला आहे, पण एका दुखण्यासाठी दोन जखमा सोसाव्या लागतात. रोजंदारीवर घर चालवणाऱ्याला ही दुसरी जखम महाग पडते. म्हणून आज आम्ही एका वेगळ्या उपायाची माहिती देत आहोत : शरीरात हळूहळू विरघळणारा जाळीदार स्पंज.

जाळी कशासाठी?

बांधकामावर आपण परांची बांधतो आणि भिंत उभी राहिली की काढून घेतो. हा स्पंजही परांचीच आहे. त्याच्या छिद्रांत हाड तयार करणाऱ्या पेशी शिरतात, रक्तवाहिन्या वाढतात आणि नवे हाड भरत जाते. छिद्रे साधारण 0.1 ते 0.5 मिलिमीटरची आणि एकमेकांना जोडलेली असावी लागतात. बंद बुडबुड्यात रक्त पोचत नाही, आणि रक्ताशिवाय हाड जगत नाही. ही परांची काढायला पुन्हा ऑपरेशन लागत नाही, शरीर ती विरघळवते.

कशी बनवतात?

पॉलिलॅक्टिक आम्लासारखे काही पदार्थ शरीरातल्या पाण्याने हळूहळू तुटतात. त्यातून लॅक्टिक आम्ल निघते. तेच आपल्या स्नायूंतही तयार होते, आणि शरीर ते पचवते. आपोआप विरघळणारे टाके याच कुळातले आहेत.

जाळी पाडायची एक रीत मिठाची आहे. पदार्थ पातळ करून त्यात मिठाचे खडे मिसळतात. तो घट्ट झाला की पाण्यात ठेवतात. मीठ विरघळून जाते, त्याच्या जागी छिद्रे राहतात. दुसरी रीत बर्फाची. द्रावण गोठवले की बर्फाचे स्फटिक होतात, ते निर्वातात उडवून लावले की जाळी उरते.

पुण्यात काय झाले?

पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमावर काम झाले. जालना-बीडकडे शेतकरी तुतीच्या पाल्यावर रेशीमकिडे पाळतात, हे आपल्याला माहीत आहे. त्या कोषाच्या धाग्यात फायब्रॉइन नावाचे प्रथिन असते. वरचा चिकट थर उकळून काढला की ते हाती येते. इथल्या संशोधकांनी फायब्रॉइनचे बारीक कण एकमेकांना चिकटवून आधार तयार केला. राजगिऱ्याच्या लाडवात दाण्यांमध्ये फटी राहतात, तशा कणांमधल्या फटी हीच त्याची छिद्रे. असा आधार जास्त दाब सोसतो आणि सावकाश विरघळतो. याच संशोधनातून 'सेरीजेन' ही कंपनी उभी राहिली. डॉ. अनुया निसळ तिच्या संस्थापकांपैकी एक आहेत.

मर्यादा

हा चमत्कार नाही. मांडीच्या हाडासारख्या भार पेलणाऱ्या जागी पट्टी किंवा सळई लागतेच. जखमेत पू असेल तर आधी ती साफ करावी लागते. तंबाखू, विडी आणि न आवरलेली साखर यांमुळे हाड उशिरा भरते, मग आत कितीही चांगला आधार घाला.

आपण काय विचारायचे?

आत काय बसवणार? ते विरघळते की कायम राहते? स्वतःचे हाड वापरता येईल का? खर्च किती, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो बसतो का? धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवा.

नवे साधन तुमच्यावर चाचणी म्हणून वापरणार असतील, तर तसे तुमच्या भाषेत समजावून लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. नकार दिला तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मागता येते. संमतिपत्र वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या आणि तिच्याकडून वाचून घ्या. समजल्याशिवाय अंगठा लावू नका.