नागपूरचा लिलाव, केन्सिंग्टनचा स्टॉल

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले. मुलगा नव्हता, दत्तकाला मान्यता मिळाली नाही, आणि डलहौसीने पुढच्या वर्षी नागपूरचं राज्य खालसा केलं. एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तक थांबतं तिथून पुढची हकीकत मला कित्येक वर्षं छळते आहे. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोलाने विकले गेले. सामानसुमान हलवायला माणसं आली तेव्हा भोसल्यांच्या घराण्यातल्या वृद्ध राणी बांकाबाईंनी, वस्तूंना हात लावाल तर वाड्याला आग लावीन, असं बजावल्याचं जॉन के हा इतिहासकार नोंदवतो. सामान हललंच. भोसल्यांचं जडजवाहीर, समजुतीपुरतं थोडं मागे ठेवून, कलकत्त्याला गेलं आणि तिथे हॅमिल्टन आणि कंपनी या पेढीने ते जाहीर लिलावात विकलं. राज्य गेल्याचं जेवढं लोकांच्या मनाला लागलं त्याहून जास्त ही विक्री लागली, असं के लिहितो. तो काही आपला कैवारी नव्हता, म्हणून त्याच्या या वाक्याला वजन आहे.

या प्रकरणाचे कागद चाळताना एक नाव वारंवार भेटतं: टॉमस एव्हान्स बेल. १८२५ चा जन्म, सतराव्या वर्षी मद्रासच्या लष्करात. पुढे नागपुरात कमिशनरच्या हाताखाली नेमणूक झाली आणि तिथे हा माणूस सरकारी नोकरीत राहून भोसल्यांची बाजू मांडू लागला. राज्य घेतलंत, पण खासगी मालमत्तेवर तुमचा हक्क कुठून आला, हा त्याचा मुद्दा होता. वरिष्ठांशी खटके उडाले, अवज्ञेचा ठपका बसला, नागपूर सुटलं. गप्प मात्र तो बसला नाही. १८६४ मध्ये ‘द एम्पायर इन इंडिया’ हे पुस्तक काढून खालसा धोरणावर त्याने सरळ हल्ला चढवला. मेजर होऊन निवृत्त झाल्यावर लंडनमध्ये दादाभाई नौरोजींनी काढलेल्या ईस्ट इंडिया असोसिएशनच्या वर्तुळात तो वावरला, म्हैसूरचं राज्य वोडेयरांना परत मिळावं म्हणून पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. म्हैसूर परत मिळालं, १८८१ मध्ये. नागपूर मिळालं नाही. भोसल्यांचे दत्तक वारस जानोजी यांचं दत्तविधान पुढे मान्य होऊन ‘देऊरचे राजाबहादूर’ ही पदवी तेवढी हाती आली.

बेल १८८७ मध्ये वारला. त्याच्या पुढच्या पिढीचा माग काढताना मी एका अगदी वेगळ्या दालनात जाऊन पोहोचलो, आणि हा लेख खरा त्या दालनाबद्दल आहे.

बेलची मुलगी अर्नेस्टीन. जन्म १८७१. बाप गेला तेव्हा ती ऐन सोळा वर्षांची होती. आईवडील दोघंही मुक्त विचारांचे, स्त्रियांना मत हवं असं मानणारे. फ्रेडरिक शील्ड्स हा चित्रकार घरोब्यातला होता. त्याचा आधार तिला मिळाला आणि त्याच्या मृत्यूनंतर १९१२ मध्ये त्याचं चरित्र आणि पत्रं तिनेच संपादित केली. चित्रकलेचं शिक्षण झाल्यावर ती वळली मीनाकामाकडे. तिचे गुरू अलेक्झांडर फिशर. लिमोझच्या जुन्या पद्धतीचं रंगवलेलं मीनाकाम इंग्लंडात पुन्हा रुजवणारे ते हेच. १८९८ मध्ये तिने डॉक्टर हर्बर्ट मिल्सशी लग्न केलं आणि अर्नेस्टीन मिल्स या नावाने ती काम करू लागली.

मीनाकाम म्हणजे काचेचं काम. रंगीत काच खलात बारीक कुटायची, पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन गढूळपणा काढायचा, ओलसर पूड तांब्याच्या किंवा चांदीच्या पत्र्यावर थर देऊन पसरायची, पूर्ण वाळवायची आणि आठशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या भट्टीत जेमतेम मिनिटभर, फार तर दोन-तीन मिनिटं ठेवायची. पत्रा आणि काच निवताना सारख्या मापाने आकसत नाहीत, म्हणून मागच्या बाजूलाही काचेचा थर द्यावा लागतो, नाही तर पत्रा वाकतो आणि काच उडते. एक थर, एक भाजणी. दुसरा थर, दुसरी भाजणी. जांभळ्याखाली पांढरा आधी बसला पाहिजे, नाही तर जांभळा काळवंडतो. शेवटच्या भाजणीत तडा गेला की आधीची सगळी मेहनत वाया. पण या कामाला कारखाना लागत नाही. छोटी भट्टी घराच्या एका खोलीत मावते, आणि घरसंसार सांभाळणाऱ्या बाईला उंबरठा न ओलांडता अव्वल दर्जाची कारागीर होता येतं. त्या पिढीतल्या इतक्या इंग्रज स्त्रिया मीनाकामाकडे का वळल्या, याचं मला सर्वांत पटणारं कारण हेच आहे.

अर्नेस्टीन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एमेलीन पँकहर्स्ट यांच्या युनियनमध्ये गेली. वुमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन, स्थापना १९०३, मँचेस्टर. मतासाठी काचा फोडणाऱ्या, तुरुंगात उपास करणाऱ्या बायकांची म्हणून ती संघटना आपल्याला माहीत आहे. तिचा जमाखर्च कसा चाले हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. भाड्याची कार्यालयं, पगारी संघटक, साप्ताहिक, खटल्यांचे वकील, तुरुंगात गेलेल्या बाईच्या घरची सोय, या सगळ्याला पैसा लागतो. खजिनदार होत्या एमेलीन पेथिक-लॉरेन्स. राजकारणात येण्याआधी त्यांनी गरीब मुलींसाठी शिवणकामाचा सहकारी धंदा उभा केला होता. बायकांच्या हातच्या वस्तूला किती भाव येतो आणि तिच्यामागे किती तास जातात, हे त्यांना व्यवहारातून ठाऊक होतं. जांभळा, पांढरा, हिरवा हे युनियनचे रंग १९०८ मध्ये त्यांनीच ठरवले: जांभळा स्वाभिमानाचा, पांढरा निर्मळतेचा, हिरवा आशेचा. त्या वर्षीच्या २१ जूनला हाइड पार्कमध्ये ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसले आणि लगेच रिबिनी, टोप्या, बिल्ले, ब्रोच यांतून बाजारात आले.

पुढच्या वर्षी, १३ ते २६ मे १९०९, नाइट्सब्रिजच्या प्रिन्सेस स्केटिंग रिंकमध्ये स्त्रियांचं प्रदर्शन भरलं. एमेलीन पँकहर्स्ट यांची मुलगी सिल्व्हिया हिने भिंतींसाठी वीस फूट उंचीची चित्रं आखली. आत शाखाशाखांचे स्टॉल: टोप्या, मिठाई, शेतातला माल, भरतकाम, दागिने. एका बाजूला तुरुंगाच्या दोन कोठड्यांची हुबेहूब नक्कल होती, राजकीय कैदी पुरुषाला मिळणारी एक आणि या बायकांना मिळणारी दुसरी. बायकांचं ड्रम आणि बासरीचं पथक होतं, एडिथ गॅरड यांची जुजुत्सूची प्रात्यक्षिकं होती. पंधरवड्याच्या शेवटी ५,६६४ पौंड जमले, अडीचशे नव्या सभासद झाल्या. १९११ च्या डिसेंबरात पोर्टमन रूम्समध्ये पुन्हा जत्रा भरली, नाताळाच्या तोंडावर.

अशा स्टॉलवर काय विकायला येत असे याचे दोन प्रवाह होते, आणि त्यांची गल्लत होऊ नये. एक कारखान्यातला माल: बिल्ले, पदकं, रिबिनी. उपोषण केलेल्या स्त्रीला १९०९ च्या ऑगस्टपासून जे पदक देत ते टॉय आणि कंपनीकडून घडवून घेतलेलं असे. सोनारांच्या बड्या पेढ्यांनाही गिऱ्हाईक दिसलं. मॅपिन अँड वेबने १९०८ च्या नाताळाला या रंगांतल्या दागिन्यांची यादी काढली. त्यातला नफा पेढीचा. दुसरा प्रवाह हाताच्या कामाचा. अर्नेस्टीनसारखी कारागीर स्वतःचं चांदी-तांबं, स्वतःची काच, स्वतःची भट्टी वापरून वस्तू घडवायची आणि ती युनियनसाठी विकायला द्यायची. मला हा दुसरा प्रवाह जास्त महत्त्वाचा वाटतो. वर्गणी देणारी बाई बहुधा नवऱ्याच्या किंवा बापाच्या पैशातून देत होती. मीनाकामाचा ब्रोच देणारी बाई स्वतःच्या कसबातून देत होती, आणि तो विकत घेऊन छातीवर लावणारी बाई त्याच दिवशी रस्त्यावर आपली बाजू जाहीर करत होती. आपल्याकडे भीमथडीला किंवा महालक्ष्मी सरसला बचत गटांच्या स्टॉलपुढून जाताना अजूनही काही लोक ‘बायकांचा फावल्या वेळचा उद्योग’ असं म्हणतात. त्यांनी १९०९ चा हा हिशोब जरूर वाचावा.

अर्नेस्टीनच्या हातच्या कामातला एक नमुना लंडनच्या संग्रहालयात आहे. चांदीवर मीना केलेलं एक लटकन, साखळीत युनियनच्या तीन रंगांचे खडे. मध्ये पंख असलेली आशा तुरुंगाच्या गजांबाहेर उभी राहून गाते आहे. लुईज ईट्स या केन्सिंग्टन शाखेच्या चिटणीस १९०९ मध्ये तुरुंगवास भोगून सुटल्या तेव्हा शाखेने त्यांना ते दिलं. त्याच वर्षीच्या वसंतात सिल्व्हियाने हॉलोवे तुरुंगातून सुटलेल्यांसाठी ब्रोच योजला होता: संसदेच्या लोखंडी जाळीदार दरवाजाची आकृती आणि तिच्यावर कैद्याच्या कपड्यांवरचा बाण, तीन रंगांत. तो ब्रोच अनेकींना मिळाला, सगळ्यांना सारखाच, आणि सारखेपणा हाच त्याचा अर्थ होता. ईट्स यांचं लटकन एकीने एकीसाठी घडवलेलं आहे. सिल्व्हियाच्या ब्रोचमध्ये तुरुंगाची निशाणीच मानचिन्ह झाली आहे. अर्नेस्टीनने गज ठेवले, पण आकृती त्यांच्या बाहेर काढली. मला विचाराल तर या चळवळीने घडवलेल्या सगळ्या वस्तूंत ही सर्वांत देखणी आहे, आणि तिची कारागीर हंगामी हौशी नव्हती हे पंखांच्या एका-एका पिसावरून कळतं.

या बाईचा चेहरा मात्र ज्या छायाचित्राशी जोडला गेला, त्यात चेहराच दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९१०. स्त्रियांना मर्यादित मताधिकार देणारं विधेयक बारगळण्याच्या बेतात होतं म्हणून सुमारे तीनशे स्त्रिया तुकड्यातुकड्यांनी पार्लमेंटकडे निघाल्या. पहिल्या तुकडीत एमेलीन पँकहर्स्ट यांच्याबरोबर पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांची मुलगी सोफिया होती. पोलिसांनी पुढचे काही तास त्यांना ढकललं, पाडलं, छातीला हात घातले. दुसऱ्या दिवशी ‘डेली मिरर’च्या पहिल्या पानावर एक फोटो आला: रस्त्यावर कोसळलेली एक स्त्री, दोन्ही हात चेहऱ्यावर, वर पोलिस, आणि मध्ये पडू पाहणारा एक उंच टोपीवाला गृहस्थ. ही स्त्री कोण? बहुतेक पुस्तकं एडा राइट असं नाव देतात. काही ठिकाणी अर्नेस्टीन मिल्स असं छापलेलं आहे. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या मतावर ठाम आहेत. या वादात एक गोष्ट मला खटकते. अर्नेस्टीनबद्दल जिथे म्हणून दोन ओळी लिहिल्या जातात तिथे त्यातली एक या फोटोला मिळते. जमिनीवर पडलेली बाई चटकन ओळखीची होते, भट्टीसमोर उभी असलेली होत नाही. फोटोतली ती असो वा नसो, लटकनावरचं काम निर्विवाद तिचं आहे.

पुढचं थोडक्यात. १९१२ मध्ये पेथिक-लॉरेन्स दांपत्याला युनियनमधून बाहेर काढलं, १९१४ च्या सुरुवातीला सिल्व्हियाचीही वाट वेगळी झाली, ती लंडनच्या पूर्व भागातल्या कामकरी बायकांत गेली आणि युद्ध सुरू झाल्यावर तिथे तिने खेळण्यांचा कारखाना, स्वस्त खाणावळी आणि एका बंद दारूच्या गुत्त्यात बाळांसाठी पाळणाघर चालवलं. तीही कहाणी सांगण्यासारखी आहे, पण ती दुसरी. अर्नेस्टीन कामावर राहिली. १९२५ मध्ये तिने ‘द डोमेस्टिक प्रॉब्लेम’ हे पुस्तक लिहिलं, घरकाम आणि त्यात जाणारं बायकांचं आयुष्य या विषयावर. पुरुषांइतकाच मताधिकार स्त्रियांना १९२८ मध्ये मिळाला तेव्हा तिने पंचावन्नी ओलांडली होती. १९५९ मध्ये ती गेली.

बाप आणि लेक यांच्यामध्ये मी ओढूनताणून दोरा जोडत नाही. पण दोघांच्या वाट्याला दागिन्याच्या विक्रीचा प्रश्न आला आणि दोघांनीही तो हक्काचा प्रश्न म्हणूनच हाताळला, एवढं कागदावर आहे. नागपूरचे दागिने सरकारने मालकिणींच्या इच्छेविरुद्ध विकले आणि एका नोकरशहाने नोकरी पणाला लावून हरकत घेतली. केन्सिंग्टनचे दागिने घडवणाऱ्या बाईने स्वखुशीने विकायला ठेवले, तेही त्याच सरकारविरुद्ध लढण्यासाठी. नागपूरच्या इतिहासात बेलचं नाव कुठेतरी तळटीपेत सापडतं, इंग्लंडच्या कलेतिहासात अर्नेस्टीनचं. या दोन तळटीपा एका घरातल्या आहेत हे विदर्भातल्या वाचकाला तरी माहीत असावं, म्हणून हा खटाटोप.

आता राहिला आजचा बाजार. अॅमेथिस्ट, मोती आणि पेरिडॉट असे तीन खडे एकत्र दिसले की जुन्या दागिन्यांचे व्यापारी त्याला ‘सफ्रेजेट’ म्हणतात आणि किंमत वाढवतात. हिरवा, पांढरा, जांभळा यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांतून ‘स्त्रियांना मत द्या’ असा गुप्त संदेश निघतो, अशी पुस्तीही जोडतात. ती रचलेली आहे. रंगांचा अर्थ युनियनने उघडपणे छापून सांगितला होता, लपवाछपवीची गरजच नव्हती. शिवाय हे खडे एडवर्डच्या काळात सर्रास चालत होते, मताधिकाराच्या विरोधातल्या बायकाही ते घालत होत्या. स्टॉलवरच्या खऱ्या वस्तू बहुधा साध्या असत: चांदी किंवा तांबं, आणि वर काच. तेव्हा असा दागिना समोर आला तर आधी उलटा करून पाहावा. मागे कारागिराची खूण आहे का, युनियनचं नाव आहे का, कुणी कुणाला केव्हा दिला याचा कागद सोबत आहे का. यातलं काहीच नसेल तर तो एडवर्डच्या काळातला एक सुंदर दागिना आहे, आणि तो त्याच नावाने विकला जावा.