उंदरीचे दूध आणि एका मुलीचा प्रश्न

गेल्या श्रावणातील गोष्ट. विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून आठवीचा तास आम्ही घेतला. आम्ही मराठीचे, प्रयोगशाळेशी आमचा संबंध तिच्या किल्ल्या सांभाळण्यापुरताच. तेव्हा क्रमिक पुस्तक बाजूस ठेवून एका मराठी विदुषीची हकीकत मुलांना सांगावी, असे आम्ही ठरविले. तिचे नाव डॉ. कमल रणदिवे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेत शिक्षण, फर्ग्युसनमधून पदवी, विवाहानंतर मुंबई. तेथे टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळविली. पुढे अधिछात्रवृत्ती घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढविण्याचे तंत्र त्या डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे शिकल्या. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ साली पद्मभूषण मिळाले.

मुले ऐकत होती. आम्हांस हुरूप आला आणि आम्ही त्यांच्या संशोधनाकडे वळलो. स्तनांचा कर्करोग कशाने होतो, याचा शोध त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या वंशांवर घेतला. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू या तिहींचा मेळ त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या विषयाची पूर्वपीठिका अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी १९३६ साली घातली होती. ज्या वंशाच्या उंदरींना हा रोग हमखास होई, त्यांची पिले जन्मताच निरोगी वंशाच्या उंदरीला पाजावयास दिली, तर त्यांच्यातील रोगाचे प्रमाण पुष्कळच घटे. म्हणजे रोगाचे काही कारण आईच्या दुधातून पिलाकडे जात होते. तो एक विषाणू होता, हे पुढे सिद्ध झाले.

इतके सांगून आम्ही थांबलो. मागच्या बाकावरील एक मुलगी उठून उभी राहिली. तिची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जात असे. दोन वर्षांपूर्वी स्तनांच्या कर्करोगानेच ती गेली. हे आम्हांस ठाऊक होते, आणि तरीही सांगण्याच्या भरात आम्ही विसरलो होतो.

“गुरुजी,” ती म्हणाली, “माझ्या आईनं मला पाजिवलंय. मग ते माझ्यात बी आलं असंल काय ओ?”

वर्ग स्तब्ध झाला. तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात इतका अवघड प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. “बाळ, तसं काही नसतं,” असे म्हणून वेळ मारून नेणे सोपे होते; परंतु आम्हांस उत्तर माहीत नव्हते. “मला चार दिवस दे. नीट विचारून सांगतो,” एवढेच आम्ही म्हणालो.

आमचा एक जुना विद्यार्थी बेळगावात डॉक्टर आहे. रविवारी त्याच्याकडे गेलो. सारे ऐकून घेऊन तो म्हणाला, “गुरुजी, गोष्ट खरी सांगितलीत, पण अर्धी सांगितलीत.” मग त्याने दोन तास खर्चून आम्हांस पुढचा धडा दिला. तो वाचकांपुढे ठेवतो.

उंदरांतील तो विषाणू दुधावाटे पिलाच्या आतड्यात शिरतो, तेथील पांढऱ्या पेशींच्या आश्रयाने राहतो आणि पिलू वयात आले की स्तनांच्या पेशींत पोहोचतो. गरोदरपणी संप्रेरकांचे प्रमाण वाढले की तो जोमाने वाढतो; त्याच्या घडणीतच संप्रेरकांच्या हाकेला ओ देणारा एक भाग असतो. पेशीच्या गुणसूत्रांत तो शिरकाव करून घेतो, आणि वाढीचे नियंत्रण करणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसला तर ती पेशी बेबंद वाढू लागते. परंतु हे सारे उंदरांत. मानवी मातेच्या दुधातून असा कर्करोग मुलीकडे जातो, याला आधार सापडलेला नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या मातेला स्वतःला स्तनांच्या कर्करोगाचा धोका थोडा कमीच असतो.

“विषाणूंचं संशोधन मग तिथंच संपलं का?” आम्ही विचारले. तो हसला. संशोधन संपले नाही. त्याला नवे पाय फुटले. १९८३ साली असे दिसून आले, की माकडात अर्बुद उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचे जनुक, रक्तातील बिंबाणूंपासून मिळणाऱ्या वाढकारक प्रथिनाशी जवळजवळ जुळते. विषाणूने जणू शरीराचीच भाषा उचलली होती. २०१८ साली बॉस्टनच्या जोसलिन मधुमेह केंद्रातील एमरा अल्टिंडिस, रोनाल्ड कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. माशांना होणाऱ्या काही विषाणूंच्या जनुकांत इन्सुलिनसारख्या पेप्टाइडांची, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांची, माहिती आढळली. ती पेप्टाइडे प्रयोगशाळेत तयार करून पाहिली, तेव्हा ती मानवी पेशींवरील इन्सुलिनच्या ग्राहकांना जाऊन चिकटली आणि पेशींना वाढीचा आदेश देऊ लागली.

आम्ही मास्तर, आम्हांस हे आमच्याच उदाहरणाने उमगले. मुख्याध्यापकांच्या सहीची हुबेहूब नक्कल करून ‘आज अर्धी सुटी’ असा कागद कोणी वर्गावर पाठवावा, आणि वर्गाने दप्तरे आवरावीत, तसे हे. इन्सुलिन आणि त्याचे भावंड असलेला वाढकारक घटक हे पेशीकडे येणारे अधिकृत कागद. विषाणूचा कागद खोटा, पण सही जुळते. त्यांतलाच एक कागद तर और निघाला. एका मत्स्यविषाणूचे पेप्टाइड वाढीच्या ग्राहकाला चिकटते, पण आदेश काहीच देत नाही; नुसती जागा अडवून खऱ्या कागदाची वाट बंद करते, असे २०२१ साली दाखविण्यात आले. वाढीचा आदेश रोखणारी अशी वस्तू कर्करोगावरील औषधांच्या शोधात उपयोगी पडेल, अशी आशा त्यामुळे वाटते. या पेप्टाइडांमुळे माणसांना कर्करोग होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. मासे खाणाऱ्यांनी घाबरण्याचेही कारण नाही.

माणसांतील काही कर्करोगांमागे विषाणू खरोखरच असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे पॅपिलोमा विषाणू असतो, आणि त्यावर मुलींना लहान वयातच द्यावयाची लस आहे. यकृताच्या कर्करोगास कारण होणाऱ्या ‘बी’ काविळीवरही लस आहे. आपल्या भागापुरते बोलायचे तर सर्वांत ओळखीचा शत्रू विषाणू नव्हेच. तो आपल्या शेतात पिकतो. तंबाखूची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध डॉ. खानोलकरांनी १९४० च्या दशकातच अभ्यासिला होता. ज्या पिकावर निपाणीची कितीक घरे उभी राहिली, त्याविषयी हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. परंतु लिहिले पाहिजे.

गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्या मुलीस आणि तिच्या आजीस बोलावून घेतले. “आईच्या दुधातून तुला काहीही आलेलं नाही,” हे आम्ही पहिल्यांदा सांगितले. दुसरेही सांगितले, कारण तेही खरे होते. स्तनांच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणींचा रोग आनुवंशिक असतो. म्हणून मोठी झाल्यावर डॉक्टरांना आईच्या आजाराविषयी न लाजता सांगायचे. गाठ लागली तर लपवायची नाही. मुलीने मान हलविली आणि वहीत काहीतरी लिहून घेतले.

आजी मात्र बसूनच राहिली. पदर तोंडाशी धरून बऱ्याच वेळाने म्हणाली, “गुरुजी, म्हंजे ह्यो रोग एकाचा दुसऱ्याला लागत न्हाई?”

“नाही, आजी.”

“मग शेवटाला आमी तिचं ताट-तांब्या येगळं ठिवलं. पोरीला बी जवळ जाऊ दिलं न्हाई. ते समदं उगंच म्हणायचं की ओ?”

याचे उत्तर डॉक्टरकडेही नव्हते. आम्ही म्हणालो, “तुम्हांला कुणी सांगितलं नव्हतं, आजी.” मुलीने आजीचा हात धरला आणि दोघी फाटकाबाहेर पडल्या.

वाचकहो, ज्या घरात आज असा रुग्ण आहे, त्या घरी हे कोणी सांगितले नसेल, तर आपण जाऊन सांगावे. ताट वेगळे मांडू नये, आणि मुलांना जवळ बसू द्यावे.