भारतीय फुटबॉलची पीछेहाट

१९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविणारा आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला भारतीय फुटबॉल संघ २०२४ च्या जानेवारीत कतार येथील आशिया चषकात एकही गोल न करता तिन्ही सामने हरला, याचा सारा दोष खेळाडूंच्या पदरी घालणे न्याय्य नव्हे. त्या सुवर्णकाळातही आपले देशांतर्गत सामने ७० मिनिटांचे असत, जग मात्र ९० मिनिटे धावत होते. आज व्यावसायिक लीगमधील संघ आघाडीची जागा बहुधा परदेशी खेळाडूंच्या हवाली करतात; सबब गोल करण्याचा सराव स्वदेशी तरुणाला अपुराच मिळतो. शिवाय निवडीचा मोठा भार बंगाल, गोवा, केरळ, मणिपूर, मिझोराम अशा मोजक्या मुलखांवर पडतो. जळगाव-धुळ्याकडे पाहावे: येथील कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात चिखल होते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तीवर अनवाणी धावणाऱ्या चपळ मुलाला वर्षभर नियमाने सामने देणारी स्पर्धामालिका क्वचितच लाभते. राष्ट्रीय संघ चषकाच्या महिन्यात घडत नाही. तो दहा वर्षे आधी, जिल्ह्याच्या मैदानावर घडतो.