आधी पाहायचं, मग हात लावायचा

गाय खोड्यात उभी केली की नव्या विद्यार्थ्याचा हात आधी थर्मामीटरकडे जातो. सर तो हात थांबवतात. "अजून जवळ जायचं नाही. इथूनच बघ आणि काय दिसतं ते सांग." मग एकेक जण बोलू लागतो. कान पडलेत. नाकपुडी कोरडी आहे. रवंथ करत नाही. शेण घट्ट पडलंय. मागचा एक पाय उचलून धरतेय. सरांचं समाधान झालं की मगच गाईच्या अंगाला हात लावायची परवानगी मिळते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पशुसंवर्धन पदविका विद्यालयात हे शिक्षण मी जवळून पाहिलं. इथली मुलं-मुली पुढे पशुधन पर्यवेक्षक होतात, दूध संघांत लागतात किंवा गावोगाव कृत्रिम रेतनाचं काम करतात. सरकारचे श्रेणी-2 चे दवाखाने याच लोकांच्या खांद्यावर चालतात. रात्री म्हैस अडली किंवा गाय फुगली की अनेक गावांत पहिला फोन यांनाच जातो. कायद्याने मात्र त्यांच्या कामाला कुंपण घातलं आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 नुसार त्यांनी किरकोळ पशुवैद्यकीय सेवा द्यायच्या, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाने. आपल्याला काय येतं आणि आपण कुठे थांबायचं, या दोन्ही गोष्टी इथे एकाच वेळी शिकाव्या लागतात.

पहिले धडे साधे वाटतात. गाईची नाडी शेपटीच्या खालच्या बाजूला, मुळापासून थोड्या अंतरावर बोटांनी शोधायची. ती सापडायलाच नवख्याला वेळ लागतो. निरोगी मोठ्या गाईची नाडी मिनिटाला 50 ते 80 च्या आसपास असते, तापमान 101 ते 102 अंश फॅरनहाइटच्या जवळपास. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली की पोटाची हालचाल मुठीला कळते. दोन मिनिटांत दोन-तीनदा मूठ बाहेर ढकलली गेली तर पचन चालू आहे. मूठ तशीच राहिली तर चिंता. हे आकडे वहीत लिहायला पाच मिनिटं पुरतात. पण निरोगी जनावर हाताला कसं लागतं ते कळण्यासाठी अनेक निरोगी जनावरं तपासावी लागतात. त्याशिवाय आजारी जनावर ओळखता येत नाही.

जनावर बोलत नाही, म्हणून माणसाला विचारायचं. पण कुणाला विचारायचं, हेही शिकवलं जातं. शेजारच्या वस्तीवर एका विद्यार्थिनीने घरच्या कर्त्या पुरुषाला विचारलं तेव्हा "दोन दिस झालं, खात न्हाई" एवढंच उत्तर मिळालं. सरांनी तिला गोठ्यातल्या आजींकडे वळवलं. "आजी, धार तुम्हीच काढता ना?" आजी म्हणाल्या, "व्हय पोरी. काल सकाळी धारंला उभी ऱ्हाईना, लाथ झाडली. दूध बी पाण्यावानी आलं." रोग कुठे शोधायचा ते आजींनी सांगून टाकलं होतं. मुलीने चार कप्प्यांच्या थाळीत चारही सडांचं दूध वेगवेगळं घेतलं, तेवढंच द्रावण घालून थाळी गोल फिरवली. एका कप्प्यातलं दूध घट्ट, चिकट झालं. कासदाह होता. डॉक्टरांना फोन करताना तिच्याकडे ताप, नाडी, बिघडलेला सड आणि दुखणं सुरू झाल्याची वेळ, सगळं होतं.

सगळ्यात जास्त सराव लागतो तो कृत्रिम रेतनाला. महाराष्ट्रात ही सेवा गोठ्यापर्यंत नेण्यात मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला उभ्या केलेल्या बाएफ या संस्थेचा मोठा वाटा आहे. आज गावकऱ्याला ती नित्याची वाटते. शिकणाऱ्याला ती तशी नसते.

द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्ये उणे 196 अंश सेल्सिअसला रेतमात्रा ठेवलेल्या असतात. हवी ती कांडी चिमट्याने काही सेकंदांत काढायची आणि बाकीच्या कॅनच्या तोंडापर्यंत वर येऊ द्यायच्या नाहीत. कांडी 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, मग कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूंना घातक. उन्हात तर न्यायचीच नाही. एवढं सगळं नीट झालं तरी खरं काम पुढेच असतं.

डाव्या हातात लांब मोजा घालून तो गाईच्या गुदमार्गात न्यायचा, शेण काढायचं आणि आतड्याच्या पातळ भिंतीतून खाली गर्भाशयाची ग्रीवा चाचपायची. ती बोटांना कोंबडीच्या मानेसारखी लागते: कडक, पण वळणारी. त्यासाठी आधी कत्तलखान्यातून आणलेल्या म्हशींच्या अवयवांवर टेबलावर सराव होतो, पण तिथे डोळे मदतीला असतात. जिवंत गाईत काही दिसत नाही. आतडं आवळलं की हात बधिर होतो, तेव्हा जोर न करता आवळ सैल होईपर्यंत थांबायचं. उजव्या हातातली नळी आधी वरच्या दिशेने न्यायची, म्हणजे ती मूत्रमार्गात शिरत नाही. मग डाव्या हाताने ग्रीवाच नळीवर ओढून घ्यायची. एकेक कडं ओलांडल्याचं बोटांना कळतं. शेवटचं कडं ओलांडताच रेत सावकाश सोडायचं. आणखी आत घुसवलं तर गर्भाशयाला इजा होते.

वेळही साधावी लागते. गाईने सकाळी माज दाखवला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दाखवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, त्यामुळे बळस, सुजलेलं निरण आणि घटलेलं दूध यांवर लक्ष ठेवायला मालकाला शिकवावं लागतं. वेळ हुकली की पुढचा माज 21 दिवसांनी. तेवढ्या दिवसांची वैरण फुकट जाते, आणि दोन जनावरांवर चालणाऱ्या घराला ते परवडत नाही.

जे करायचं नाही त्याचे धडेही तितक्याच काटेकोरपणे गिरवून घेतले जातात. औषध पाजताना मान फार वर उचलायची नाही, जीभ ओढायची नाही. ठसका लागला तर ताबडतोब डोकं खाली सोडायचं, नाहीतर औषध फुफ्फुसात जातं. लस बर्फाच्या पेटीत 2 ते 8 अंशांत राहिली नसेल तर ती टोचायची नाही. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारं काळसर रक्त येत असेल तर त्याला सुरी लावायची नाही आणि कातडं सोलू द्यायचं नाही. काळपुळीची शंका असलेलं शव उघडलं की जंतूंचा हवेशी संपर्क येऊन ते बीजाणूंच्या रूपात मातीत वर्षानुवर्षं टिकतात. अशा वेळी माणसं आणि कुत्री लांब ठेवून डॉक्टरांना कळवणं हेच सगळ्यात मोठं काम. गोठ्यात मालक "करा काहीतरी" म्हणत असतो. त्याच्यासमोर "हे माझ्या हातातलं नाही, डॉक्टरच हवेत" असं सांगायला धैर्य लागतं. ते आधी घोकून घेतलेलं असेल तरच तोंडातून निघतं.

हे हस्तकौशल्य पुस्तकातून येत नाही. त्यासाठी विद्यालयाच्या गोठ्यात पुरेशी जनावरं हवीत, प्रत्येक मुलाच्या वाट्याला पुरेसे तास हवेत, आणि शेजारी उभा राहून हात थांबवणारा शिक्षक हवा. प्रमाणपत्रापुरता चार गाईंना हात लावून बाहेर पडलेला तरुण ज्या गोठ्यात जाईल, तिथे रिकामा गेलेला माज आणि ठसक्याने मेलेलं वासरू शेतकऱ्याच्या नावावर पडतं. गावात सगळ्यात आधी पोचणारा माणूस नीट शिकलेला असावा, ही मागणी शेतकऱ्यांनी आणि दूध संघांनी लावून धरली पाहिजे. मागून येणाऱ्या डॉक्टरांचा निम्मा वेळ त्याच्या अचूक निरीक्षणाने वाचतो, आणि पुष्कळदा जनावरही.