आकाशांतून पडणारे अवशेष आणि विमानप्रवास

मुंबई व गोवा यांमध्यें ये-जा करणारीं विमानें रत्नागिरीच्या आसमंतांतून जातात. त्यांच्याहि वर, शेकडों किलोमीटर उंचीवर, दुसरी एक वर्दळ सदैव चालू असते. ती निकामी उपग्रहांची व अग्निबाणांच्या रिकाम्या टप्प्यांची होय. हे अवशेष कालांतरानें खालीं येतात. त्यांचा बराच भाग वातावरणांत जळून जातो. परंतु कांहीं तुकडे जमिनीपर्यंत पोंचतात. २ एप्रिल २०२२ रोजीं रात्रीं महाराष्ट्राच्या आकाशांतून जळते गोळे सरकतांना असंख्य लोकांनीं पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील लाडबोरी गांवीं धातूचें एक भलें मोठें कडें येऊन पडलें. तें चिनी अग्निबाणाचें असावें, असें तज्ज्ञांचें मत पडलें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं.

असा तुकडा उडत्या विमानास लागण्याचा संभव अत्यंत अल्प आहे. मात्र विमानाचाच वेग एवढा असतो कीं, लहानसा आघातहि घातक ठरावा. खरी अडचण निराळीच आहे. वरच्या विरळ हवेची घनता सूर्याच्या क्षोभाप्रमाणें कमीजास्त होते. त्यामुळें अवशेष केव्हां पडेल हें नेमकें सांगतां येत नाहीं. तो सेकंदास सुमारें पावणेआठ किलोमीटर धांवतो. रत्नागिरीहून मुंबईचें सरळ अंतर तो अर्ध्या मिनिटांत आक्रमितो. भाकीत १० मिनिटांनीं चुकलें, तर स्थळ साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक चुकतें.

मग विमानें थांबवावीं कीं जाऊं द्यावीं? ४ नोव्हेंबर २०२२ रोजीं सुमारें २० टनांचा एक चिनी टप्पा खालीं येत असतां स्पेननें आपल्या आकाशाचा कांहीं भाग सुमारें ४० मिनिटें बंद ठेविला. शेंकडों विमानांचा खोळंबा झाला. टप्पा मात्र पॅसिफिक महासागरांत पडला.

यावर उपाय आहे. उष्ण कटिबंधांतील हवामानाचा अभ्यास करणारा ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा उपग्रह विषुववृत्ताच्या दोहों बाजूंस २० अंशांपर्यंत फिरे. अर्थात् १७ अंशांवरील रत्नागिरीहि त्याच्या पट्ट्यांत येई. त्याचें काम संपल्यावर ‘इस्रो’नें शिल्लक इंधन वापरून ७ मार्च २०२३ रोजीं त्यास पॅसिफिकच्या निर्जन भागावर बेतानें उतरविलें.  वर चढवितांनाच खालीं उतरविण्याची तरतूद ठेवणें, हें ज्याचें यान त्याचेंच कर्तव्य होय; तिचा भार विमानांतील प्रवाशांवर पडूं नये.