मतांनी आणलेले लांडगे

३ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांबरोबर आणखी एक प्रश्न होता: राज्यातून नाहीसा झालेला करडा लांडगा पुन्हा आणून सोडावा का? या ‘प्रस्ताव ११४’वर ३१ लाखांहून अधिक मते पडली आणि ५०.९१ टक्के मतांनी तो मंजूर झाला. फरक जेमतेम ५७ हजारांचा होता. मतदारांनी थेट कौल देऊन सरकारला एखादा वन्यप्राणी परत आणायला लावण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ.

शिकार, सापळे आणि विष यांमुळे १९४० च्या दशकापर्यंत कोलोरॅडोतले लांडगे संपले होते. पुढे १९९५-९६ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कॅनडातून ३१ लांडगे आणले गेले. तो निर्णय केंद्र सरकारचा होता. कोलोरॅडोच्या वन्यजीव आयोगाने मात्र २०१६ मध्ये ठराव करून लांडगे सोडायला विरोध केला. तेव्हा समर्थकांनी कोलोरॅडोच्या राज्यघटनेने १९१० पासून दिलेला मार्ग धरला. ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या जमवल्या की विधिमंडळाला वळसा घालून कायद्याचा मसुदा थेट मतदानाला ठेवता येतो. २०२० च्या मतदानासाठी सुमारे सव्वा लाख वैध सह्या लागत होत्या; समर्थकांनी दोन लाखांहून अधिक गोळा केल्या.

वादाचे मूळ मतदानाच्या भूगोलात आहे. डेन्व्हर, बोल्डर या शहरी भागांनी प्रस्ताव तारला, तर बहुतेक ग्रामीण कौंट्यांनी तो नाकारला. शिवाय लांडगे सोडायचे ते रॉकी पर्वताच्या मुख्य जलविभाजक रेषेच्या पश्चिमेलाच, असे प्रस्तावातच नमूद होते. तिथे डोंगरउतारांवर आणि सरकारी कुरणांत गुरे चारणारे पशुपालक राहतात. ज्यांच्या दारात लांडगा येणार, त्यांतल्या बहुसंख्यांचे मत विरोधात पडले होते. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण राज्यातला वन्यजीव साऱ्या जनतेचा, हे तत्त्व मान्य केले की शहरातल्या माणसाचे मत बाद कसे ठरवणार, हाही प्रश्न उरतोच.

कौल मिळाला तरी कायद्याची गुंतागुंत सुटली नव्हती. मतदानाच्या पाच दिवस आधीच केंद्र सरकारने करड्या लांडग्याचे संरक्षण काढून घेत असल्याचे जाहीर केले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि कोलोरॅडोतला लांडगा पुन्हा १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या पूर्ण छत्राखाली आला. म्हणजे गाईवर तुटून पडलेल्या लांडग्यालाही पशुपालकाने गोळी घातली तर तो गुन्हा. यातून वाट काढायला त्याच कायद्यातले एक जुने कलम कामी आले. माणसाने आणून सोडलेल्या प्राण्यांना ‘प्रायोगिक समूह’ ठरवून नियम सैल करण्याची मुभा ते कलम देते. ८ डिसेंबर २०२३ पासून कोलोरॅडोत ही तरतूद लागू झाली. आपल्या जमिनीवर जनावरांवर हल्ला करताना आढळलेल्या लांडग्याला मारण्याची सोय पशुपालकांना मिळाली, आणि दहाच दिवसांनी ग्रँड कौंटीत पहिले पाच लांडगे पिंजऱ्याबाहेर पडले.

वायोमिंग, आयडाहो आणि मोंटाना या राज्यांनी नकार दिल्याने ते ऑरेगनमधून आणावे लागले. २०२५ च्या जानेवारीत कॅनडातील ब्रिटिश कोलंबियातून आणखी १५ आले. वायोमिंगच्या बऱ्याच मोठ्या भागात लांडगा दिसताच मारायला परवान्याचीही गरज नाही. कोलोरॅडोत कायद्याने जपलेला प्राणी राज्याची सीमा ओलांडताच उघडा पडतो, आणि सीमेपलीकडे गेलेले काही लांडगे खरोखरच मारले गेले आहेत.

आणलेल्या प्रत्येक लांडग्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर असते. ती साधारण दर चार तासांनी ठिकाण टिपते आणि उपग्रहामार्फत कळवते. लांडगा क्षणाक्षणाला पडद्यावर दिसतो, हा समज चुकीचा आहे. दाट झाडीत, उभ्या दरीत नोंद हुकते, बॅटरी संपते, आणि कोलोरॅडोतच जन्मलेल्या पिल्लांच्या गळ्यात सुरुवातीला काहीच नसते. वन्यजीव खाते दर महिन्याला नकाशा प्रसिद्ध करते. त्यात नेमकी जागा नसते. एखाद्या पाणलोट क्षेत्रात एक जरी नोंद झाली तरी ते सगळे क्षेत्र रंगवले जाते. नेमके ठिकाण जाहीर केले तर चोरटी शिकार होईल, ही खात्याची भीती रास्त आहे. मात्र अख्खे खोरे रंगवलेला नकाशा पाहून आज गुरे कोणत्या कुरणात न्यायची, हे पशुपालकाला ठरवता येत नाही.

जनावर मेले की पंचनामा होतो. मेलेल्या वासराची कातडी सोलून दाताच्या खुणांखाली रक्त साकळले आहे का, ते पाहतात. साकळले असेल तर जिवंतपणी चावा बसला. नसेल तर आधीच मेलेले जनावर नंतर खाल्ले गेले. भरपाई एका जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत मिळते. शिवाय लांडग्यांच्या धास्तीने वासरांचे वजन कमी भरले, गाई कमी गाभण राहिल्या, असेही दावे करता येतात. मार्च २०२५ मध्ये आयोगाने दोन पशुपालकांना मिळून सुमारे ३ लाख ४३ हजार डॉलर मंजूर केले. दर वर्षीच्या भरपाई निधीची तरतूद साडेतीन लाखांची. एवढा खर्च प्रचाराच्या वेळी फार कोणी बोलून दाखवला नव्हता.

कॉपर क्रीक टोळीच्या बाबतीत धोरणाची कसोटी लागली. आणलेल्या लांडग्यांतली ही पहिली जोडी, जिला पिल्ले झाली. तिने गुरे मारली म्हणून २०२४ च्या उन्हाळ्याअखेरीस टोळीला पकडले. नर आधीच गोळीने जखमी होता, तो मेला. मादी आणि चार पिल्लांना जानेवारी २०२५ मध्ये पिटकिन कौंटीत सोडले. तिथेही गुरे मेली आणि मे महिन्यात खात्याने या टोळीतला एक तरुण लांडगा ठार केला.

कोलोरॅडोचे मतदार प्रत्येक वेळी प्राण्याच्याच बाजूने उभे राहतात असेही नाही. १९९२ मध्ये त्यांनी अस्वलांची वासंतिक शिकार बंद केली, १९९६ मध्ये जबड्याच्या सापळ्यांवर आणि विषावर बंदी आणली; पण २०२४ मध्ये पहाडी सिंहांच्या शिकारीवर बंदी घालणारा प्रस्ताव फेटाळला. भारतात अशा थेट मतदानाची सोयच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे. मेंढरे गमावणाऱ्या धनगरालाही त्याला मारता येत नाही; परवानगीचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे. संरक्षित वन्यजीव अधिवासातून वनहक्कधारकांना हलवायचे असेल तर मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेची संमती लागते. तिथे मत असते ते त्याच गावच्या लोकांचे.

कोलोरॅडोच्या २०२३ च्या आराखड्यात पुढचे टप्पे ठरलेले आहेत. सलग चार वर्षे राज्यात किमान ५० लांडगे राहिले तर त्यांचा दर्जा एका पायरीने खाली येईल. सलग दोन वर्षे १५० किंवा कधीही २०० झाले तर राज्याच्या संकटग्रस्त यादीतून नाव निघेल. केंद्राच्या यादीतले नाव मात्र त्याने निघणार नाही. तो निर्णय वॉशिंग्टनमध्ये होतो.